अकरावा मुद्दा

माझी बायको या शहराची महापौर होती. हे वाक्य उच्चारलं की ऐकणारा आधी माझ्या चपलांकडं बघतो. महापौराच्या नवऱ्याच्या पायात काय असतं ते त्याला बघायचं असावं. माझ्या पायात गुलमंडीच्या बाजारात घेतलेल्या साध्या चपला असतात आणि मी चित्रकलेचा मास्तर आहे. शाळा सकाळची. साडेबाराला सुटते. एकच्या सुमारास मी घरी येतो, कुलूप उघडतो, झाकून ठेवलेलं गरम करतो आणि पेपर पाण्याच्या तांब्याला टेकवून ताटासमोर उभा करतो. पेपरात अधूनमधून तिचा फोटो असायचा. अशा रीतीनं आम्ही दोघं बऱ्याचदा बरोबर जेवलो आहोत.

तिला राजकारणात आणलं ते मीच, असा बरेच दिवस माझा समज होता. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा चार पुढारी घरी आले होते. समोर ती बसलेली, पण बोलले सगळे माझ्याशी.

"सर, मॅडमला फक्त उभं करा. सही त्यांची, कारभार तुमचा. तुमच्यासारखा शिकलेला माणूस मागं असल्यावर काय लागतंय!"

मी फुललो. त्याच आठवड्यात औरंगपुऱ्यातल्या शिंप्याकडं दोन पांढरे सदरे शिवायला टाकले. ती निवडून आली. पहिल्या बैठकीच्या दिवशी नवा सदरा घालून मी तिच्या मागोमाग जिना चढलो. सभागृहाच्या दाराशी ती थांबली, माझी कॉलर सारखी केली आणि हळूच म्हणाली, "अहो, आत नगरसेवकच बसतात. तुम्ही खाली थांबता का?"

मी खाली थांबलो, ड्रायव्हर लोकांबरोबर. चांगली माणसं होती. त्यांच्या संगतीत मला डिझेलच्या गाड्यांची इतकी माहिती झाली की अजूनही कुठली गाडी धूर का सोडते ते मी लांबून सांगू शकतो. चालवता मात्र एकही येत नाही.

पुढं आरक्षणाच्या सोडतीत महापौरपद महिलेच्या वाट्याला आलं आणि पक्षानं तिचं नाव पुढं केलं. कार्यकर्ते तिला ताई म्हणायचे. ताईचा नवरा म्हणून आपल्याकडच्या रिवाजानं मी दाजी झालो. एकदोघांचा नव्हे, आख्ख्या वस्तीचा दाजी. चौकात चहाच्या टपरीवर गेलो तरी "या दाजी!" इतके मेव्हणे जगात कुणाला नसतील, आणि जेवायला समोर कुणी नाही.

तिची कामाची एक पद्धत होती. रोज सकाळी आठ ते साडेनऊ घराची पुढची खोली लोकांसाठी उघडी. जो येईल त्याचं गाऱ्हाणं ती स्वतः वहीत लिहायची. काय पाहिजे, कुणाला पाहिजे आणि कुठल्या गल्लीत. गल्ली नसेल तर लिहायचीच नाही. एकदा एक बडे इंजिनिअर चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं करावं असं सुचवायला आले. हिनं विचारलं, "कुणी मागितलंय? कुठल्या गल्लीतून?"

ते म्हणाले, "तसं कुणी नाही, पण शहराला शोभा येईल."

"शोभेला आधी प्यायला पाणी लागेल," ही म्हणाली. कारंजं झालं नाही.

मग मुदत संपली. पुढची निवडणूक लांबली, लांबतच गेली. महापालिकेत प्रशासक आले आणि माझी बायको घरी आली. लोकशाहीबद्दल मला पूर्ण आदर आहे, शाळेत मी तिच्यावर पोस्टर स्पर्धाही घेतो. पण खरं सांगायचं तर ती वर्षं माझी फार चांगली गेली. एकला घरी आलो की दाराला कुलूप नसायचं. ताटं दोन असायची. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीचा फोन आला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बाबा, आई आहे का?" पूर्वी मी म्हणायचो, "नाही, मी आहे," आणि ती म्हणायची, "बरं, मग नंतर करते." आता मी ऐटीत म्हणायचो, "आहे की! देतो."

आपण सुखात आहोत म्हणजे घर सुखात आहे, अशी माझी समजूत होती. ती दिवाळीच्या सुट्टीत फिटली. एरवी मी सकाळी शाळेत असायचो, रविवारी भाजीबाजारात, त्यामुळं मला ठाऊकच नव्हतं. सुट्टीच्या पहिल्या दिवशी पाहिलं तर पावणेआठलाच तिची आंघोळ झालेली, खळ दिलेली साडी नेसून ती पुढच्या खोलीत जाऊन बसली. समोर प्लॅस्टिकच्या आठ रिकाम्या खुर्च्या. वही मांडीवर. साडेनऊपर्यंत कुणीही आलं नाही. साडेनऊला ती उठली, खुर्च्या एकात एक घातल्या आणि आत येऊन म्हणाली, "मेथी आणलीय ना तुम्ही?"

तिसऱ्या दिवशी एक जण आला. त्याला फक्त शेजारच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरचा पत्ता हवा होता. हिनं त्याला बसवलं, चहा दिला, दात कधीपासून दुखतोय विचारलं, गल्लीतलं ड्रेनेज कसं आहे विचारलं, पाण्याला दाब असतो का विचारलं. सुजलेल्या गालानं तो बिचारा पाऊण तास उत्तरं देत होता. मी आत मेथी निवडत बसलो होतो. दोन जुड्या होत्या. आणखी दोन असत्या तरी निवडल्या असत्या, पण बाहेर गेलो नसतो.

अखेर निवडणूक जाहीर झाली आणि आमचं घर एका दिवसात एसटी स्टँडसारखं झालं. आपल्याकडं महापौर थेट निवडत नाहीत, आधी नगरसेवक व्हावं लागतं. पण पत्रकांवर सगळीकडं 'माजी महापौर' असंच होतं, आणि पुन्हा तीच होणार असं जो तो बोलत होता. माझ्या चपला रोज कुणीतरी घालून जायचं. संध्याकाळी त्या परत यायच्या, कधी जोडीनं, कधी एकेकट्या.

उमेदवारी अर्ज भरायच्या दिवशीची गंमत सांगतो. अर्जाला सूचक लागतो, आणि तो त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो. एक कार्यकर्ता म्हणाला, "लांब कशाला जाता? दाजींचीच सही घ्या." मी खिशातून पेन काढलं. खास शाईचं, सुंदर अक्षरासाठी राखून ठेवलेलं. यादी तपासणाऱ्यानं बोट फिरवलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"दाजी, तुमचं नावच नाय इथं."

प्रभागांची नवी हद्द आमच्या समोरच्या रस्त्यावरून गेली होती. यादीची फोड करताना कुणाकडून तरी चूक झाली असावी. बायको रस्त्याच्या अलीकडच्या यादीत राहिली आणि मी पलीकडच्या. सत्तावीस वर्षांचा संसार, एक रेशनकार्ड, एक गॅस, आणि मी बायकोला मतसुद्धा देऊ शकत नव्हतो. दुरुस्तीची मुदत केव्हाच टळून गेली होती. ज्या माणसानं सगळ्या वस्तीच्या याद्या तपासून दिल्या त्याचं स्वतःचं नाव बघायचं राहिलं, तो माणूस मीच. आपलं नाव बायकोच्या शेजारीच असणार हे मी धरूनच चाललो होतो.

शेजारच्या खाला, सगळ्या गल्लीच्या मावशी, तिथंच होत्या. साठीच्या, शिवणकाम करणाऱ्या, हिच्या पहिल्या निवडणुकीपासून आमच्या. त्या खळखळून हसल्या. "क्या दाजी, घर में रहके भी घर के बाहर निकाल दिये तुमको! लाओ, मैं करती सही." आणि माझ्याच पेनानं त्यांनी सही केली. सगळे हसले. मीही हसलो. जरा जास्तच वेळ हसलो, कारण थांबल्यावर काय करायचं ते सुचेना.

माझ्याकडं आता एकच काम उरलं, पत्रकाचं. अक्षर चांगलं म्हणून मजकूर मी लिहायचा, नक्षी मी काढायची. 'पुन्हा संधी मिळाली तर' असा मथळा, खाली दहा मुद्दे. ती जेवणाच्या टेबलावर वही उघडून सांगत होती आणि मी लिहीत होतो. कित्येक आठवड्यांनी आम्ही त्या टेबलाशी एकत्र बसलो होतो, म्हणून मी मुद्दामच सावकाश लिहीत होतो.

"पहिलं पाणी. नळाच्या दोन पाण्यांमधले दिवस कमी करायचे."

"दुसरं?"

"दुसरंही पाणीच. कधी येणार ती वेळ आदल्या दिवशी कळली पाहिजे. बायका कामाला दांडी मारून नळाशी बसतात."

"तिसरंही पाणीच असेल."

"तिसरं ड्रेनेज. ते पाणीच, पण नको असलेलं."

तेवढ्यापुरती ती हसली. मग गल्लीतले दिवे, बुद्धविहाराशेजारच्या अभ्यासिकेला पंखे आणि वरचा मजला, बाजारातल्या बायकांसाठी स्वच्छतागृह, मोकाट कुत्री, असं करत दहावा मुद्दा झाला. तिला फोन आला, ती उठून गेली. मी टेबलाशी एकटाच. पेन हातात, कागदावर खाली चार बोटं जागा मोकळी. मी तिथं अकरावा मुद्दा लिहिला.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं चष्मा लावून कागद वाचला आणि शेवटाला थांबली.

"हे काय?"

"अकरावा मुद्दा."

तिनं मोठ्यानं वाचलं. "'आठवड्यातून एक दुपार महापौरांचं घर बंद राहील.'" मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "कुणी मागितलंय?"

"मी."

"गल्ली?"

"हीच."

"मग सकाळी आठला या पुढच्या खोलीत. रीतसर."

ती चेष्टा करत होती की नव्हती ते मला सत्तावीस वर्षांच्या अनुभवानंतरही कळलं नाही. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. जुन्या पांढऱ्या सदऱ्यांपैकी एक बाहेर काढला. पोटावरचं बटण लागेना, म्हणून वरून स्वेटर चढवला. बरोबर आठला मागच्या दारानं बाहेर पडलो, घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आलो आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. माझ्या आधी दोघी होत्या. अभ्यासिकेच्या गल्लीतल्या काकू सांगत होत्या की पोरं परीक्षेचा अभ्यास दोन दिव्यांत करतात, डोळे जातील. मग खाला. नळाला मोटर लावणाऱ्या शेजाऱ्याची तक्रार. तो शेजारी म्हणजे आमचाच भाडेकरू निघाला. हिनं तेही लिहून घेतलं.

मग तिनं पान उलटलं. "बोला."

घरात मी दिवसातून पन्नास वेळा तिच्याशी बोलतो. गॅस बंद केलास का, किल्ली कुठाय, वगैरे. पण त्या खुर्चीवर बसल्यावर मी नुसताच स्वेटर खाली ओढत राहिलो. लोक हिच्यासमोर का अडखळतात ते मला पहिल्यांदा कळलं. ती समोरच्याचं नीट ऐकते. आपलं कुणी इतकं नीट ऐकेल याची माणसाला सवय नसते.

"आठवड्यातून एक दुपार," मी म्हणालो. "दार बंद, फोन बंद. तू, मी आणि जेवण. बाकी काही मागणं नाही."

खोलीत हशा पिकला. दाराशी उभा असलेला कार्यकर्ता म्हणाला, "दाजी, तुमचा प्रभाग पलीकडचा! तिकडच्यांची कामं इथं नाय होत!" पुन्हा हशा. काकूंनी पदर तोंडाला लावला.

ती हसली नाही. तिनं वहीत लिहिलं. मला उलटं दिसत होतं, पण माझं नाव मला कुठूनही वाचता येतं. मग तिचं पेन थांबलं.

"हे जमणार नाही," ती म्हणाली.

"बघू म्हण की. सगळ्यांना म्हणतेस."

"सगळ्यांना म्हणते, म्हणूनच तुम्हांला म्हणत नाही." आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "बघू म्हटलेल्यातलं किती होतं ते मला माहितीय. उद्या निवडून आले तर माझी दुपार माझी राहणार नाही. मी हो म्हणेन आणि तुम्ही दर आठवड्याला दोन ताटं घेऊन बसाल. ते मला नको."

मला वाटतं, त्या खोलीत तोपर्यंत इतकं सरळ उत्तर कुणाला मिळालं नव्हतं. खाला हिला ताईऐवजी बाजी म्हणतात. त्या म्हणाल्या, "बाजी, मेरेको भी ऐसाच साफ बोल दो. मेरे नल का क्या?" ही म्हणाली, "बघू." आणि सगळे पुन्हा हसले, या वेळी तीही.

मागं एक जण उभा होता, म्हणून मी उठलो. पत्रक दहा मुद्द्यांचंच छापलं. खालच्या मोकळ्या जागेत मी शहराच्या एका जुन्या दरवाज्याची कमान काढली. लोकांनी तिचं कौतुक केलं. अभ्यासिकेच्या काकू म्हणाल्या, "दाजी, लई झाक काढलंय." त्या जागी काय होतं हे घरातली दोनच माणसं जाणत होती, आणि त्यांतल्या एकाला त्याची आठवण काढायला वेळ नव्हता.

प्रचार झाला. सकाळी मी उठायच्या आत ती गेलेली असायची आणि परत यायची तेव्हा घसा बसलेला असायचा. खुणांनीच सांगायची, पाणी, गोळी, दिवा घालव. मी तिला हळदीचं दूध द्यायचो, ती डोळे मिटूनच प्यायची. मुलीचा फोन आला की मी म्हणायचो, "आहे, पण आवाज नाही." मुलगी म्हणायची, "मग तुम्हीच सांगा काय चाललंय." सांगायला लागलो की तिला कुठली तरी मीटिंग असायची. तिच्याशी भांडण नाही, मीटिंगा असतात.

निकाल काय लागला ते पेपरात आलं. मला सांगायचंय ते मतदानाच्या आदल्या दिवसाचं. त्या दिवशी प्रचार बंद असतो. भोंगे नाहीत, रिक्षा नाहीत, पदयात्रा नाही. आमच्या शाळेत मतदान केंद्र, म्हणून मलाही सुट्टी. सकाळभर ती कार्यकर्त्यांशी बोलत होती. बाराच्या सुमारास ते बूथच्या तयारीला पांगले, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. कुणी ठरवलं नव्हतं. माझी दुपार आपणहून माझ्या दारात येऊन उभी राहिली.

मी भरीत केलं. वांगी गॅसवर भाजली, कांद्याची पात घातली. भाकरी मला जमत नाही, ती खालांकडून मागवली. त्यांनी बाजरीच्या चार पाठवल्या आणि निरोप दिला, "आज तो खिला दो बाजी को." जेवताना बोलायला मी विषय काढून ठेवले होते. मुलीच्या लग्नाचा, गच्चीच्या गळतीचा, मे महिन्यात कुठंतरी जाऊन येण्याचा. तिनं अर्धी भाकरी खाल्ली. फोन बंद करून टेबलावर उपडा ठेवला. "छान झालंय," म्हणाली. आणि "पाच मिनिटं पडते," म्हणून दिवाणावर आडवी झाली ती झोपलीच. तोंड जरा उघडं, एक पाय खाली लोंबता, चष्मा तसाच.

मी चष्मा काढून ठेवला. पाय वर घेतला. टाच पार फाटली होती. पंधरा दिवस कुठल्या कुठल्या गल्ल्या तुडवल्या होत्या त्या टाचेनं. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि माझे तीनही विषय मनातल्या मनात तिच्याशी बोलून घेतले. तिची उत्तरंही मीच दिली. मेमध्ये जायचं ठरलं.

दार मी लावून घेतलं होतं, पण लोक फाटक वाजवत होते. प्रत्येक वेळी मी चवड्यांवर बाहेर जायचो. "ताई झोपल्यात. मला सांगा." माणसं मग आवाज खाली आणायची आणि कुजबुजत गाऱ्हाणं सांगायची. फाटकाशी अशी कुजबुज चालू असताना कुणी लांबून पाहिलं असतं तर घरात आजारी माणूस आहे असं वाटलं असतं. मी ऐकून घ्यायचो, मान डोलवायचो, परत येऊन बसायचो. ती हललीसुद्धा नाही.

पाच वाजून गेल्यावर तिला जाग आली. तिनं उशाशी चष्मा चाचपला. मग म्हणाली, "कुणी आलं होतं का?"

"कुणी नाही," मी म्हणालो. मला वाटलं, तिला बरं वाटेल. एक दुपार तरी कुणी त्रास दिला नाही म्हणून.

ती उठून बसली. साडीच्या निऱ्या हातानं सारख्या करत राहिली. "कुणीच नाही? दुपारभर?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची झोप उतरली आणि तिच्याखाली जे दिसलं ते मला बघवेना. इतकी वर्षं मी समजत आलो होतो की या घरात एकटा मीच असतो.

"खोटं बोललो," मी म्हणालो. "दहा जण आले होते."

"दहा?" तिनं पाय खाली सोडले. "आणि उठवलं नाही मला? अहो, काय माणूस आहात! कोण कोण आलं होतं?"

मी खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ती मध्ये मध्ये थांबवत होती. तो उंच होता का, टोपीवाला? त्याची बायको आता कशी आहे? ती बाई रडली का बोलताना? मला आठवेल ते आणि थोडं न आठवणारंही मी सांगत गेलो. आमच्याबद्दल एक शब्दही त्यात नव्हता. आठव्या माणसापर्यंत पोचलो तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं, आणि दोघांनाही उठून दिवा लावायचं सुचलं नव्हतं.

अजून दोन जण राहिले होते. मी नववा सावकाश सांगायला घेतला.